फुलावरची माशी ओळखा, मगच फवाऱ्याला हात लावा



सुरू उसाची लागण आटोपून पोंगे मरायला लागले, की आमच्या शेतकी विभागाच्या गटसभांना गर्दी होते. अशाच एका सभेत एक सभासद काचेची बाटली घेऊन आले. बाटलीत सातआठ करड्या माश्या होत्या. म्हणाले, "घरामागे सांबार बियाण्याला सोडला आहे. त्याच्या फुलांवर ह्या माश्यांचा नुसता गोंगाट असतो. ऊस धुऱ्याला लागूनच आहे. त्या उसात शिरायच्या आत काय फवारू, ते सांगा." सभेतल्या दोघातिघांनी लगेच औषधांची नावेही सुचवली. एकाने तर पंपाला किती झाकणे टाकायची तेही सांगून टाकले.

आम्ही भिंगाखाली माश्या पाहिल्या. दोन साध्या घरमाश्या होत्या. एक पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची होती, ती मावा खाणाऱ्या जातीची. उरलेल्या करड्या माश्यांच्या पाठीवर आणि पोटाच्या टोकाशी राठ, उभे केस होते. अशा केसाळ माश्यांच्या कुळातल्या काही जाती उसाच्या खोडकिडीच्या अळीत वाढतात आणि अळीला मारतात. म्हणजे आपले भाऊ ज्यांना मारायला निघाले होते, त्यात त्यांच्या उसाचे राखणदार असण्याचा संभव होता. त्या माश्या नेमक्या कोणत्या जातीच्या, हे मात्र बाटलीवरून आम्हालाही सांगता आले नाही, आणि तसे आम्ही सभेत कबूल केले. माशी कुठवर ओळखता येते, कुठून पुढे येत नाही आणि तेव्हा काय करायचे, ह्यासाठी हा पाठ.

ही माशी करते तरी काय

खोडकीड आपल्या सर्वांच्या परिचयाची. पतंग पानावर अंडी घालतो. अळी जमिनीलगत कोंबाला भोक पाडून आत शिरते आणि गाभा कुरतडते. पोंगा वाळतो, ओढला तर हातात येतो आणि त्याला कुजका वास असतो. अळी आत दडलेली असल्याने वरून मारलेला फवारा तिच्यापर्यंत नीट पोचत नाही.

पण एक माशी तिच्यापर्यंत पोचते. शास्त्रज्ञ तिला स्टर्मिऑप्सिस इन्फरन्स म्हणतात. नाव जड आहे, माशी साधीच आहे, दिसायला घरमाशीसारखी करडी. तिची गंमत अशी, की बहुतेक माश्या अंडी घालतात, ही अंडी पोटातच उबवते. कोंबाच्या भोकाबाहेर अळीची ताजी विष्ठा, म्हणजे आपण भुसा म्हणतो तो, साचलेली असते. तिच्या वासावर माशी येते आणि भोकाच्या तोंडाशी सुईच्या टोकाएवढ्या जिवंत अळ्या सोडते. त्या सरपटत आत जातात, खोडकिडीची अळी शोधतात, तिची कातडी भेदून आत शिरतात आणि तिला आतून खातात. पोट भरले की बाहेर पडून तिथेच कोष करतात. कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेने ही माशी प्रयोगशाळेत वाढवून उसात सोडण्याची पद्धत बसवली आहे.

जी दुसऱ्याच्या शरीरात वाढते आणि शेवटी त्याचा जीव घेते, तिला परोपजीवी माशी म्हणायचे. ज्या कुळात ही माशी मोडते त्या टॅकिनिड कुळात जगभर साडेआठ हजारांच्या वर जातींची नोंद आहे. काही जाती अळीच्या अंगावर पांढरे अंडे चिकटवून जातात. काही पानावर इतकी बारीक अंडी पेरतात, की अळी पानाबरोबर ती गिळते आणि शत्रू आपणहून पोटात घेते. पऱ्हाटीवरच्या आणि तुरीवरच्या अळ्यांनाही ह्या कुळातल्या माश्या लागतात. मोठी माशी मात्र मांस खात नाही आणि पीकही खात नाही. तिला लागतो फुलातला मध, माव्याचा चिकटा आणि पाणी. म्हणून ती फुलावर दिसते.

फुलावर कोण कोण येते

पहिली गोष्ट, पंख मोजा. मधमाशीला आणि गांधीलमाशीला चार पंख, माशीला दोनच. बसलेल्या किड्याचे पंख मोजणे कठीण जाते, तेव्हा मिशा पाहाव्यात. माशीच्या मिशा आखूड, डोळ्यांच्या मध्ये टेकल्यासारख्या असतात.

फुलासमोर हवेत एका जागी खिळल्यासारखी राहते आणि क्षणात बाजूला सरकते, ती सिरफिड माशी. अंगावर पिवळे-काळे पट्टे असल्याने तिला लोक मधमाशी समजतात, पण ती डंख मारीत नाही. ती परोपजीवी नव्हे. तिची अळी उघड उघड मावा खाते. लोकरी माव्याच्या थव्यातही तिच्या अळ्या सापडतात. तिला हात लावू नये.

अंगभर मऊ लव आणि पुढे सुईसारखी लांब सोंड असलेली, जमिनीलगत घोटाळणारी दिसली तर ती बॉम्बिलिड. ह्या कुळातल्या काही जाती एकेकट्या राहणाऱ्या मधमाश्यांच्या बिळांतल्या पिल्लांवर, तर काही टोळांच्या अंड्यांवर वाढतात. बारीक कमरेची, मोठ्या डोक्याची, गांधीलमाशीचे सोंग घेतलेली कोनोपिड माशी क्वचित दिसते. ती मधमाश्यांवर वाढते. म्हणजे परोपजीवी म्हटली की ती आपली मित्रच, असे धरून चालत नाही.

चकाकत्या हिरव्या-निळ्या माश्या घाणीवरच्या. त्याही फुलावर येतात, पण त्यांचा उसाशी संबंध नाही.

आता खरी गफलत होते ती करड्या माश्यांत. मांसमाशी करडीच असते. तिच्या पाठीवर तीन काळे उभे पट्टे आणि पोटावर बुद्धिबळाच्या पटासारखे ठिपके असतात. टॅकिनिड माशीच्या पाठीवर बहुधा चार पट्टे दिसतात, पोटावर राठ केस उभे असतात आणि ती फुलावर किंवा पानावर टुणटुण चालत, थांबत, पुन्हा चालत काही हुंगत असल्यासारखी फिरते. सर्वात पक्की खूण पाठीच्या शेवटी असते. तिथल्या त्रिकोणी ढालीच्या खाली आणखी एक फुगीर गोळा असतो. मांसमाशीला आणि घरमाशीला तो नसतो. पण तो पाहायला दहापट भिंग हवे, माशी मेलेली हवी आणि कडेने उजेड हवा. आम्ही पूर्वी एकदा नुसत्या डोळ्यांनी पाहून मांसमाशीलाच मित्र ठरवले होते आणि एका सभासदाला तसे छातीठोक सांगूनही आलो होतो. ती नंतर त्यांच्या गोठ्यातल्या मेलेल्या उंदरावर सापडली. तेव्हापासून भिंगाशिवाय बोलायचे नाही, असा आमचा नियम आहे.

भिंगानेही कूळ कळते, जात कळत नाही. मोबाईलवरच्या फोटोवरून तर बहुतेक वेळा कूळसुद्धा नक्की होत नाही.

ज्वारी पेरणाऱ्या सभासदांसाठी एक वेगळी सूचना. ज्वारीच्या रोपातली पोंगेमर करते ती खोडमाशी, आणि तिथे पोंग्यात सापडणारी माशीची अळी हीच पिकाची शत्रू. उसात उलट आहे. उसाचा पोंगा पतंगाची अळी मारते आणि त्या अळीच्या आत सापडली तर माशीची अळी आपल्या बाजूची. शिवाय कुजक्या पोंग्यात घाण खाणाऱ्या बारीक माश्यांच्या अळ्या वळवळतात. त्या ना मित्र ना शत्रू.

बरणीची परीक्षा

जात ओळखण्यापेक्षा आपल्या कामाचा प्रश्न वेगळा आहे. माझ्या वावरातल्या खोडकिडीला माशी लागली आहे की नाही, हा तो प्रश्न. त्याचे उत्तर बरणी देते.

उसाच्या चारही कोपऱ्यांतून आणि मधून मिळून वीसएक ताजे मेलेले कोंब जमिनीलगत कापून आणावेत. जुने, पार कुजलेले नकोत, त्यांतली अळी निघून गेलेली असते. हलक्या हाताने उभे चिरावेत. अळी सापडली की ती कोवळ्या कोंबाच्या तुकड्यासह बरणीत ठेवावी, एका बरणीत एकच. तोंडाला विरळ सुती फडके बांधावे, बरणी सावलीत ठेवावी आणि तुकडा दर दोनतीन दिवसांनी बदलावा. चिठ्ठीवर तारीख लिहायला विसरू नये. ही चूक सगळेच करतात.

पुढे अळी लांबट, एका टोकाला निमुळता, वळे असलेला कोष करील आणि पतंग निघेल, तर ती अळी निरोगी होती. अळी मरून तिच्याशेजारी गुळगुळीत, तपकिरी, दोन्ही टोकांना गोल, तांदळाच्या दाण्याहून जाडसर कोष दिसला, तर तो माशीचा. तो फेकू नये. साधारण दहाबारा दिवसांत त्यातून माशी निघते. अळीभोवती कापसासारखे पांढरे बारीक कोष चिकटलेले दिसले, तर ते कोटेशिया नावाच्या गांधीलमाशीच्या जातीच्या बारीक मित्रकीटकाचे. अळी नुसतीच काळी पडून पाणी पाणी झाली, तर ती रोगाने मेली.

वीस अळ्यांतल्या चारपाच जरी माशीने मारलेल्या निघाल्या, तरी त्या वावरात फुकटचा मजूर राबतो आहे असे समजावे. एकही निघाली नाही तर माशी नाहीच असा निष्कर्ष काढू नये. महिन्याने पुन्हा पाहावे.

नव्या माश्या, नव्या किडी

जुने शेतकरी म्हणतात, पूर्वी असले किडे नव्हते. हे पुष्कळसे खरे आहे. पैनगंगेच्या आणि पूस नदीच्या काठाने ओलित वाढले, इसापूरच्या धरणाचे पाणी आले, आणि जिथे उन्हाळ्यात वावर उघडे पडत असे तिथे बारमाही हिरवा ऊस उभा राहिला. किड्याला आणि माशीला आणखी काय हवे? त्यात जगभर हवामान तापते आहे आणि अनेक कीटक आपले जुने मुलूख सोडून थंड बाजूला, उंच बाजूला सरकत आहेत. इंग्लंडात हौशी मंडळी बागेतल्या फुलांवरच्या टॅकिनिड माश्यांच्या तारीखवार नोंदी ठेवतात आणि नवी जात आली की ती अशा नोंदींत दिसते. आपल्याकडे अशी वही कोणी ठेवत नाही. म्हणून माशी नवी आहे की आपणच आज पहिल्यांदा पाहिली, हे कळायला मार्ग नसतो.

लोकरी माव्याचे उदाहरण सर्वांना आठवत असेल. ईशान्य भारतात आणि बंगालमध्ये पूर्वीपासून माहीत असलेली ही कीड 2002 साली सांगली जिल्ह्यात दिसली आणि पाहता पाहता महाराष्ट्र-कर्नाटकच्या उसात पसरली. वाऱ्याने पसरली, तशीच बेण्यातून आणि वाढ्यांतूनही पसरली. पहिल्या हंगामात हाहाकार झाला. मग तिच्यामागून तिचे शत्रूही वाढले. डिफा नावाच्या पतंगाची मावा खाणारी अळी, मायक्रोमस, सिरफिड माश्या. एन्कार्शिया हा बारीक मित्रकीटक तर आसामातून आणून सोडण्यात आला. ज्यांनी घाईने वारंवार विषारी फवारे मारले, त्यांच्या वावरात हे मित्र टिकणे अवघड होते.

2018 साली मक्यावरची लष्करी अळी, जी मूळ अमेरिका खंडातली, ती कर्नाटकात शिवमोग्गा भागात प्रथम सापडली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात आली. उसावरही दिसली. तिच्यावर आपल्याकडच्या एक्झोरिस्टा गटातल्या माश्या लागल्याच्या नोंदी भारतात झाल्या आहेत. कीड परदेशी, माशी देशी. अशा जुळण्या होतात, फक्त त्यांना वेळ द्यावा लागतो.

ह्या एक्झोरिस्टा गटाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. रेशीम उद्योगात उझी माशी म्हणून जिचा धसका आहे, ती ह्याच गटातली. 1980 साली ती बंगालमधून आलेल्या रेशीम कोषांबरोबर कर्नाटकात शिरली आणि तिने तिथल्या रेशीम उत्पादकांना रडवले. ती रेशमाच्या अळीच्या अंगावर पांढरे अंडे चिकटवते. ज्या सभासदांच्या शेजारी कोणी तुती लावून रेशीम करतो, त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की एकाची मित्र ती दुसऱ्याची वैरी असू शकते. त्यावर उपाय उसात फवारा मारणे हा नाही. रेशीम घराला जाळी लावणे, हा आहे.

हवाईची गोष्ट

ऊसवाल्यांनी माशीवर भरवसा ठेवल्याची एक जुनी गोष्ट आहे. हवाई बेटांत उसाला पोखरणारा सोंड्या भुंगा माजला होता. तिथल्या ऊस उत्पादक संघाने फ्रेडरिक म्यूर नावाच्या कीटकतज्ज्ञाला त्या भुंग्याचा शत्रू शोधायला पाठवले. न्यू गिनीत त्यांना एक टॅकिनिड माशी मिळाली. पण बोटीचा प्रवास इतका लांबचा, की माशी वाटेतच मरे. तेव्हा त्यांनी क्वीन्सलंड आणि फिजी इथे मधले मुक्काम केले, तिथे माशीच्या पिढ्या वाढवल्या आणि 1910 साली ती हवाईत जिवंत पोचवली. ती तिथे रुजली आणि तिने भुंग्याला आवर घातला.

आमच्या मते खरा धडा त्याच्या पुढचा आहे. पुढे तिथे धुऱ्यांवरच्या तणांचा नायनाट तणनाशकाने होऊ लागला. ही माशी ज्या फुलांवर मध खाई, ती होती दुधी जातीच्या तणाची. आपल्याकडे जी दुधी किंवा नायटी म्हणून वावराच्या कडेला उगवते, तिच्याच जातकुळीतली. 1975 साली प्रसिद्ध झालेल्या हवाईतल्याच एका अभ्यासात असे दाखवण्यात आले, की धुऱ्यावरची ही मधाची तणे गेली की उसातले माशीचे कामही उणावते. इतक्या लांबून आणलेली माशी, आणि तिला उपाशी ठेवले ते धुरा स्वच्छ दिसावा म्हणून!

आपल्या भागातही धुरा काळाभोर, स्वच्छ ठेवणारा तो चांगला शेतकरी अशी समजूत आहे. गाजरगवत काढावेच, त्याबद्दल दुमत नाही. पण सगळा धुरा तणनाशकाने जाळणे उसाच्या दृष्टीने तोट्याचे आहे. माशीची सोंड आखूड असते. तिला उघडी, बारीक, झुबक्यांची फुले लागतात: सांबार, सोप, गाजर, बियाण्याचा कांदा. झेंडूची भरगच्च, दुहेरी फुले दिसायला छान, पण माशीला त्यांतला मध सहज मिळत नाही. आंब्याचा मोहोर आणि पुढे कडुनिंबाचा फुलोरा हे सुरू उसाच्या सुरुवातीच्या काळातले मोठे अन्नछत्र. पावसाळ्याच्या शेवटी बोर फुलते, तिच्यावर माश्यांची जत्रा असते. यवतमाळचा पारा 45 च्या आसपास चढतो त्या दिवसांत माशीला सावली आणि पाण्याची ओलही लागते. म्हणून धुऱ्यावरचा निंब आणि बोर तोडू नये. पाटाच्या कडेला ओळभर सांबार आणि सोप पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने टाकावी, म्हणजे फुले एकदम संपत नाहीत. बियाण्याचा खर्च नगण्य आहे.

फवाऱ्याविषयी

2017 च्या पावसाळ्यात आपल्याच जिल्ह्यात पऱ्हाटीवर फवारणी करताना विषबाधा होऊन विसाहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो दवाखान्यात गेले. त्यावर आम्ही इथे अधिक लिहीत नाही, ज्यांच्या घरचे गेले त्यांना ठाऊक आहे. जो फवारा गरजेचा नव्हता तो टळला, तर एक मजूर एक दिवस त्या विषापासून दूर राहतो. माशी वाचवण्याचा विचार आम्ही ह्याही हिशेबाने करतो.

तेव्हा पोंगे मरताना दिसले, की आधी मोजावे. ओळीतले शंभर कोंब पाहून त्यांतले किती मेले, ते लिहावे. उसाला फुटवे येत असतात आणि थोडी मर तो भरून काढतो. वेळेवर पाणी, हलकी बाळबांधणी आणि सरीत पाचटाचे आच्छादन, एवढ्यानेच खोडकिडीचा जोर पुष्कळ कमी होतो. अंड्यांवर ट्रायकोकार्ड, अळीवर माशी, असे दोघे दोन टप्प्यांवर काम करतात. कार्ड लावल्यावर कीटकनाशक फवारले तर कार्डाचे पैसेही गेले आणि माशीही गेली. मर फारच वाढली आणि औषध द्यावेच लागले, तर ते गटाच्या ओव्हरसियरला विचारून, कोंबाच्या बुडाशी द्यावे. फुललेल्या धुऱ्यावर त्याचा थेंब जाऊ नये. मेलेले कोंब काढून जाळण्याआधी त्यांतले दहा तरी चिरून पाहावेत. तपकिरी गोल कोष सापडले तर ते वेगळे काढून, फडके बांधलेल्या बरणीत ठेवावेत आणि माशी निघाली की सकाळच्या वेळी उसात सोडून द्यावी. हे काम घरातली शाळकरी मुले आपल्यापेक्षा चांगले करतात, असा आमचा अनुभव आहे.

त्या बाटलीवाल्या सभासदांनी सांबार कापला नाही. पुढच्या सभेला ते दोन बरण्या घेऊन आले. एकीत पतंग होता, दुसरीत माशी. खोडकिडीतून निघालेली म्हणून ती स्टर्मिऑप्सिसच असावी असे आम्हाला वाटते, पण खात्री तज्ज्ञानेच करायची. सभेत ती बरणी हातोहात फिरली आणि परत आली तेव्हा फडके सुटलेले होते.

ज्यांच्या बरणीत माशी निघेल त्यांनी ती कोषाच्या रिकाम्या टरफलासह, सुकवून, लहान डबीत कापसावर ठेवून शेतकी कार्यालयात आणून द्यावी. सोबतच्या चिठ्ठीवर गावाचे नाव, गट नंबर, उसाची जात व लागणीची तारीख, कोंब कापल्याची तारीख, माशी निघाल्याची तारीख आणि धुऱ्यावर त्या वेळी कोणती फुले होती, ते लिहावे. डब्या एकत्र करून ओळख पटवण्यासाठी तज्ज्ञांकडे पाठवण्याची व्यवस्था शेतकी विभाग करील. डबीत डांबरगोळी टाकू नये, तिच्या वासाने आमच्या टेबलावर काम करणे मुश्कील होते.